सातवा कप्पा

सागिन्दिक ओराझालिन जेवण झालं की आपली ताटली आपण धुतो, पुसतो आणि ज्या चवडीतून घेतली त्याच चवडीत परत ठेवतो. अल्माती शहरात त्याच्या वयाचे पुरुष असं करत नाहीत. त्याची बायको मार्झिया बहिणीला सांगते, "पंचवीस वर्षं झाली, हा माणूस घरात पाहुण्यासारखा राहतो. येऊन गेल्याची खूणसुद्धा ठेवत नाही."

ही सवय त्याला कामातून लागली. शहराच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतात तिथे एका जुन्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर भूकंप नोंदवणाऱ्या यंत्रांची प्रयोगशाळा आहे. देशभरातल्या चौतीस ठाण्यांवर तिथलीच यंत्रं बसवलेली आहेत. या यंत्राचं कर्नेल, म्हणजे यंत्र सुरू झालं की सर्वांत आधी जागा होणारा आणि बाकीच्यांना कामं वाटणारा प्रोग्रॅम, प्रयोगशाळेनं स्वतः लिहिलेलं आहे. सागिन्दिकनं ते लिहायला घेतलं तेव्हा सगळं असेम्ब्लीत होतं. प्रोसेसरची ही मूळची बोली. एका ओळीत एकच हालचाल सांगता येते.

प्रोसेसरच्या पोटात सोळा कप्पे असतात आणि सगळी कामं त्या सोळांतून होतात. जमीन किती हलली याचा नवा आकडा सेकंदाला दोनशे वेळा येतो. तो आला की चालू काम जागच्या जागी थांबतं आणि सागिन्दिकचा सेहेचाळीस ओळींचा तुकडा धावतो. आकडा उचलतो, जागेवर ठेवतो, निघून जातो. थांबलेल्या कामाला आपण थांबलो होतो हे कळतासुद्धा कामा नये. म्हणून नियम असा की जो कप्पा वापरायचा त्यातलं सामान आधी बाजूला काढून ठेवायचं आणि जाताना होतं तसं परत ठेवायचं.

सागिन्दिकनं हा नियम एक कप्पा सोडून सगळीकडे पाळला. तो कप्पा सातवा. प्रोग्रॅम लिहिणारे दोघंच होते तेव्हा त्यानं आणि अनातोली नावाच्या त्याच्या सहकाऱ्यानं ठरवलं होतं, की सातव्या कप्प्याला या तुकड्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. मग तो रिकामा करायला नको आणि परत भरायला नको. दोन ओळी वाचल्या. ही गोष्ट कुठं लिहून ठेवलेली नव्हती. दोघं एकाच टेबलावर बसत. पुढे अनातोली वारला आणि ती एकट्या सागिन्दिकच्या डोक्यात राहिली.

सहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत केंझेगाली आला. हा सागिन्दिकचा साडू, धाकटी मेहुणी उल्झान हिचा नवरा. आधी तो विजेच्या मीटरच्या कारखान्यात होता आणि सी भाषेत लिहायचा. सी माणसाला वाचता येते आणि कंपायलर नावाचा प्रोग्रॅम तिची असेम्ब्ली करून देतो. केंझेगालीची शिफारस सागिन्दिकनंच केली होती, सासूबाईंच्या सांगण्यावरून. त्या एका सहीचा त्याला जितका पश्चात्ताप झाला तितका आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नाही.

केंझेगाली आल्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्याच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. सागिन्दिकला तो आदरानं 'साके' म्हणे.

"साके, कामांची रांग लावणारी तुमची फाइल मी सीमध्ये घेऊ का? तुमचा वेळ वाचेल."

"वेळ वाचवून मी काय करू? कोबी खारवत बसू?"

"अहो, तुम्हाला त्रास नको म्हणून म्हटलं."

"मला त्रास आहे असं कोण म्हणालं?"

पण प्रयोगशाळेच्या प्रमुख नीना अर्काद्येव्ना यांनी परवानगी दिली. त्यानंतर दुसरी फाइल गेली, मग तिसरी. दर शुक्रवारी घरी जाण्याआधी सागिन्दिक आपल्या ओळी मोजतो. केंझेगाली आला तेव्हा त्या चौदा हजार होत्या. गेल्या वर्षी एक हजार एकशे चाळीस उरल्या. यंत्र सुरू करणं, एका कामावरून दुसऱ्यावर जाणं आणि तो सेहेचाळीस ओळींचा तुकडा, एवढंच त्याच्याकडे राहिलं. केंझेगालीच्या ओळी एकवीस हजार झाल्या. त्याही सागिन्दिक मोजायचा.

ओळींपुरतंच असतं तर निभावलं असतं. केंझेगाली उंच आहे, दोन तारांची दोंब्रा चांगली वाजवतो आणि गाडी एका झटक्यात सरळ लावतो. पाहुणे त्याच्यासाठी सरकून जागा करतात. सागिन्दिकच्या मुलीला गणित अडलं तेव्हा ती वडिलांना ओलांडून मावशीच्या नवऱ्याकडे गेली आणि हसत परत आली. मार्झियाही त्याच्या विनोदांना हसते. सागिन्दिकनं एकदा तेच विनोद घरी सांगून पाहिले. तेव्हा ती म्हणाली, "हा केंझेनं सांगितलाय." साडूला तो पाण्यात पाहायचा आणि हे साडू सोडून घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. साडूलाही ठाऊक असावं, पण तो दाखवत नसे. त्यानं सागिन्दिकचा जास्तच जळफळाट व्हायचा.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे २००९ साली, दोन गोष्टी लागोपाठ घडल्या.

पहिली प्रयोगशाळेत. यंत्राला रेडिओ जोडायचा होता, म्हणजे ठाण्यावरून आकडे परस्पर शहरात आले असते. पण चिपमध्ये जागा नव्हती. सहा महिने सगळे बाइटबाइट वेचत बसले होते. केंझेगालीनं एक दिवस कंपायलरला द्यायच्या हुकमात शून्याच्या जागी दोन लिहिलं. त्याचा अर्थ, काटकसर कर, हाताशी येईल तो कप्पा वापर. प्रोग्रॅम एक तृतीयांशानं लहान झाला आणि रेडिओ आरामात मावला.

"सहा महिने!" नीना अर्काद्येव्ना म्हणाल्या. "आणि तुम्ही एका आकड्यात, केंझेगाली?"

"आकडा आधीपासून होताच, नीना अर्काद्येव्ना. मलाच भीती वाटत होती."

"एक आकडा बदलायला माणूस लागतोच असं नाही," सागिन्दिक खिडकीकडे बघत म्हणाला.

"तुम्ही बदलला असतात तर मी तुमचं कौतुक केलं असतं, सागिन्दिक ओराझालिच," नीना अर्काद्येव्ना म्हणाल्या. त्या रागावल्या की वडिलांचं नावही लावायच्या, आणि घाईत ते आडनावावरूनच बनवायच्या.

नीना अर्काद्येव्ना मेअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या खुर्चीसाठी दोनच नावं होती.

दुसरी गोष्ट नौरिझच्या सणाला तालगारमध्ये, सासूबाईंच्या घरी घडली. मेंढी कापली की कुठला तुकडा कुणाला हे ठरलेलं असतं. छातीचा तुकडा, तोस, हा जावयाचा मान. एका मेंढीला एकच छाती असते. सासूबाईंना दोन जावई आणि धाकटा आल्यापासून गेली अठरा वर्षं तोस थोरल्याच्या ताटात पडत आला होता. धाकट्याला मांडीचं हाड मिळे आणि तो ते हसत खाई. त्या दिवशी सुनेनं परात आणली आणि सासूबाईंनी बोटानं दाखवलं, "तोस केंझेला वाढ. आता तो साहेब होणार म्हणतात."

"अपा, साके थोरले आहेत," केंझेगाली सासूबाईंना म्हणाला.

"थोरल्याला अठरा वर्षं वाढला की. झिजलाय का तो? खा तू."

सगळे हसले. सागिन्दिकही हसला. मांडीचं हाड त्यानं नीट स्वच्छ केलं, ताटलीच्या कडेला ठेवलं, मग उठून ताटली धुतली आणि जागेवर ठेवली. परतीच्या वाटेवर गाडीत मार्झिया म्हणाली, "मटणाचा तुकडा आहे, देशाचा झेंडा नाही."

"मी काही बोललो का?"

"बोलत नाहीस तेच म्हणतेय."

एप्रिलच्या तेरा तारखेला, सोमवारी, रेडिओचं नवं यंत्र वरच्या घळीतल्या चाचणी ठाण्यावर बसवलं. शेजारी जुनं, खात्रीचं यंत्र ठेवलं. तेवीसला राजधानीहून कमिशन येऊन यंत्राला मान्यता देणार होतं. मंगळवारी सकाळी दोन्ही यंत्रांचे आलेख नीना अर्काद्येव्नांच्या टेबलावर आले. जुन्याची रेघ शांत होती. नव्याच्या रेघेत अकरा काटे होते. जमीन तसूभरही हललेली नसताना एक आकडा उंच उडून पुढचा पुन्हा जागेवर येत होता.

"मला भूकंप नोंदवायचे आहेत," नीना अर्काद्येव्ना म्हणाल्या, "तयार नाही करायचे."

"चूक माझीच असणार," केंझेगालीनं लगेच सांगितलं. "महिन्याभरात बदललंय ते मीच. साकेंच्या फाइलला नऊ वर्षं कुणी हात लावलेला नाही आणि चौतीस ठाण्यांवर ती चालते आहे."

सागिन्दिकनं मान डोलावली. बऱ्याच वर्षांत सकाळचा चहा त्याला इतका गोड लागला नव्हता.

बुधवारपर्यंत काटे सत्तावीस झाले. केंझेगालीनं आपल्या फाइली उलथ्यापालथ्या केल्या. आकडा परत शून्य केला की काटे जात, पण मग रेडिओ मावेना. दोन केलं की काटे परत. संध्याकाळी नीना अर्काद्येव्नांनी दोघांना बोलावलं.

"सोमवारी दुपारपर्यंत कारण सापडलं नाही तर रेडिओ काढायचा आणि जुनंच यंत्र कमिशनपुढे ठेवायचं. तसं झालं, केंझेगाली, तर संचालकांपुढे मी तुमचं नाव नेऊ शकणार नाही. सागिन्दिकचं नेईन. आताच सांगून ठेवते, मागून कुरबूर नको."

"बरोबर आहे," केंझेगाली म्हणाला.

बाहेरच्या जिन्यात तो थांबला. "साके, एक मागू? कंपायलरनं माझ्या फाइलींची जी असेम्ब्ली केली आहे ती छापून देतो. दोनशे पानं आहेत. मला ती वाचायला महिना लागेल. तुम्ही वर्तमानपत्रासारखी वाचता."

"वाचतो," सागिन्दिक म्हणाला. साडूची चूक आपल्या हातानं शोधायला मिळणार यापेक्षा चांगलं काही त्याला सुचलं नसतं.

गुरुवारी सकाळी तो पेन्सिल घेऊन बसला. वाचलेल्या कागदावर कुठं खूण केली की शेजारी तारीख आणि वेळ टाकायची, ही त्याची जुनी सवय. अनातोली म्हणायचा, सागिन्दिक मेला की कबरीवर वेळसुद्धा मिनिटापर्यंत लिहावी लागेल. कंपायलरची असेम्ब्ली त्याला आवडली नाही. नीटनेटकी होती, पण माणसाची नव्हती. तीस पानांत एकही चूक सापडली नाही तेव्हा तो वैतागला.

एकतिसाव्या पानावर आकडे गाळून स्वच्छ करणारा भाग होता. तिथं एकाच वेळी खूप आकडे हाताशी धरावे लागत आणि कंपायलरला कप्पे पुरले नव्हते. म्हणून त्यानं चालू बेरीज सातव्या कप्प्यात ठेवली होती.

सागिन्दिकनं ओळीखाली रेघ ओढली. शेजारी लिहिलं, १६ एप्रिल, १०.४०.

पहिला विचार त्याच्या मनात आला तो असा, की हा माणूस इथंही येऊन बसला. फाइली घेतल्या, तोस घेतला, आता कप्पासुद्धा. दुसरा विचार यायला मिनिटभर लागलं. केंझेगालीची बेरीज सातव्या कप्प्यात असताना नेमका त्या क्षणी नवा आकडा आला, तर सागिन्दिकचा तुकडा धावतो. तो सातवा कप्पा आपलाच समजून वापरतो आणि परत न भरता निघून जातो. परत आलेल्या कामाला बेरजेच्या जागी भलतंच काही सापडतं आणि तोच काटा. असा योग दिवसातून दहा-पंधरा वेळाच यायचा. कंपायलरनं काहीच चुकवलेलं नव्हतं. कप्पा राखीव आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. केंझेगालीलाही कुणी सांगितलं नव्हतं. आयुष्यभर ताटल्या धुऊन ठेवणाऱ्या माणसानं एक ताटली न धुता सोडली होती आणि तिच्यातच पाहुण्याला वाढलं होतं.

उपाय दोन ओळींचा होता. एक कप्पा रिकामा करायला, दुसरी परत भरायला.

दुपारी केंझेगालीनं विचारलं, "काही दिसलं?"

"अजून नाही. वाचतोय."

शुक्रवारी त्यानं तेच विचारलं आणि तेच उत्तर मिळालं. खोटं बोलणं सागिन्दिकला जड गेलं नाही. शनिवार, रविवार आणि सोमवारची सकाळ एवढंच गप्प बसायचं होतं. त्यानं हिशेब नीट केला होता. रेडिओ निघेल, आकडा शून्य होईल, खुर्ची आपल्याकडे येईल. मग पुढच्या वर्षी कधीतरी त्या दोन ओळी घालायच्या, रेडिओ परत आणायचा आणि तो आपणच आणायचा. कुणाचं नुकसान नव्हतं. शुक्रवारी त्यानं ओळी मोजल्या. एक हजार एकशे चाळीस.

रविवारी तालगारला जेवण होतं. उल्झान मुलांना घेऊन एकटीच आली. केंझेगाली शनिवारपासून वर ठाण्यावर होता.

"बिचारा," सासूबाई म्हणाल्या. "तिथं अजून बर्फ असेल. खायला काय नेलंय?"

"पाव आणि चरबी. नको म्हणाले बाकी." उल्झान सुनेकडे वळली. "वहिनी, तोस साकेंना वाढा. आमच्या ह्यांनी फोनवर बजावून सांगितलंय. म्हणाले, साके तीन दिवस माझे कागद वाचत बसलेत, त्यांच्या ताटात पडला पाहिजे."

तोस सागिन्दिकपुढे आला. मांस मऊ होतं, कडेला चरबीची बारीक पट्टी होती. त्यानं सुरी घेतली.

"आणि हो, साके, आणखी एक निरोप आहे. सोमवारी सकाळी ते तुमची ती छोटी फाइल सीमध्ये लिहून बघणार आहेत."

"कुठली छोटी फाइल?"

"मला काय कळतंय? सेहेचाळीस ओळींची, म्हणाले. फक्त तपासायला. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका. कंपायलर वापरलेले सगळे कप्पे आपणहून परत भरतो, तेव्हा तेवढीच एक शंका मिटेल."

सागिन्दिकनं सुरी खाली ठेवली.

"काय झालं? कच्चंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही अपा. छान आहे."

"मग खा ना. अठरा वर्षं खाल्लास, एकदा चुकला तर महिनाभर तोंड फुगवून बसलास. आता मिळालाय तर बघत बसलायस."

"अपा!" मार्झिया म्हणाली.

"काय अपा? खोटं आहे का?"

पुढं काय होईल ते सागिन्दिकला दिसत होतं. केंझेगाली तो तुकडा सीमध्ये लिहील आणि कंपायलर सातवा कप्पा बिनबोभाट रिकामा करून परत भरेल. काटे जातील. मग काटे कुणाच्या फाइलीत होते हे सगळ्या मजल्याला कळेल. शिवाय एकदा सीमध्ये लिहिलेलं कधी परत असेम्ब्लीत आलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. खुर्ची जाईल ती जाईल, सेहेचाळीस ओळीही जातील. उरलेल्या हजारांना मग किती दिवस?

तोस त्यानं अर्धाच खाल्ला. मार्झियानं त्याच्या पेल्यात काठोकाठ चहा ओतला. पाहुण्यानं आता उठावं असं वाटलं की इथं पेला असा भरतात. त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू मनानं केव्हाच उठलायस," ती हळूच म्हणाली. "कुठं जायचंय तिथं जा एकदाचा."

सोमवारी साडेसातला तो प्रयोगशाळेत होता. पंधरा मिनिटांत दोन ओळी घातल्या. सेहेचाळीसच्या अठ्ठेचाळीस झाल्या. ओळी मोजताना आकडा वाढल्याचं केंझेगाली आल्यापासून पहिल्यांदाच घडलं आणि त्याला त्याचा आनंद झाला नाही. नवा प्रोग्रॅम त्यानं ठाण्याच्या यंत्रावर पाठवला आणि बदलांची वही उघडली. नीना अर्काद्येव्नांचा नियम होता, की बदल काय, कारण काय, सही. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'कंपायलर सातवा कप्पा वापरतो.'

नऊ वाजता नीना अर्काद्येव्ना ईस्टरचा गोड पाव आणि कांद्याच्या सालीत रंगवलेली अंडी घेऊन आल्या. केंझेगाली थेट ठाण्यावरूनच आला होता, बुटांना चिखल होता. दुपारपर्यंत तिघंही आलेखाच्या पडद्यापुढे बसून अंडी सोलत होते. पाच तास उलटले, एक काटा आला नाही.

नीना अर्काद्येव्नांनी वही ओढली. "कंपायलर सातवा कप्पा वापरतो. म्हणजे चूक कंपायलरची?"

केंझेगालीनं अंड्याचं साल गोळा करून कागदावर ठेवलं. सागिन्दिकला होकार द्यायला तेवढा वेळ पुरेसा होता. पण साडू शेजारी बसून काही बोलत नाही, याचा सागिन्दिकला वैताग आला.

"नाही," तो म्हणाला. "कंपायलरनं वापरला तर तो त्याचा हक्क आहे. परत भरत नव्हता तो माझा तुकडा."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं दुसरं कुणी वापरत नव्हतं."

"मग तसं लिहा."

त्यानं खाली दुसरी ओळ लिहिली, 'कप्पा परत न भरण्याची चूक, ओराझालिन.'

"केव्हा सापडलं?"

"आज सकाळी."

"चला. कमिशनच्या आधी सापडलं," त्या म्हणाल्या आणि संचालकांना फोन लावायला आत गेल्या.

केंझेगालीनं पिशवीतून एक कागद काढून सागिन्दिकपुढे ठेवला. एकतिसावं पान होतं. रेघ, आणि शेजारी, १६ एप्रिल, १०.४०.

"हे तुमच्याकडे ठेवा, साके. उगाच रद्दीत जाईल."

सागिन्दिकनं कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

"कधी पाहिलंस?"

"गुरुवारीच. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा किती पानं झाली ते बघायला आलो होतो."

"आणि बोलला नाहीस."

"फाइल तुमची. म्हटलं, तुम्हीच बोलाल. शुक्रवारी विचारलं तुम्हाला, म्हणालात वाचतोय." केंझेगालीनं उरलेलं अंडं तोंडात टाकलं. "मग उल्झानकडे निरोप दिला."

"सीमध्ये किती लिहून झालं होतं?"

"एक ओळसुद्धा नाही, साडूभाऊ."

"मग दोन दिवस वर काय करत होतास?"

"झोपलो. ठाण्यामागं रानकांदा उगवलाय, तो खुडला. उल्झान समसा करणार आहे, या संध्याकाळी."

"येत नाही."

"माहीत होतं. डब्यात पाठवतो."

कांद्याचं सारण भरून भाजलेले समसे आले. सागिन्दिकनं ते खाल्ले आणि डबा धुऊन, पुसून मार्झियाबरोबर परत पाठवला.

त्या दिवसांचा त्याला राग येतो तो असा. दोघंही सारखंच गुपित घेऊन बसले होते. गुरुवारपासून रविवारपर्यंत सागिन्दिकला घास गोड लागला नाही, आणि दुसरा वर डोंगरात गाढ झोपून कांदे खुडत होता. गप्प बसणं ही सागिन्दिकची हातखंडा गोष्ट, तिथंही साडू पुढे निघून गेला होता. त्यानं नीना अर्काद्येव्नांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान तिरस्कार तरी करता आला असता.

कमिशननं यंत्राला मान्यता दिली. एक जूनला केंझेगाली प्रमुख झाला. नौरिझपासून कुणालाच त्यात शंका नव्हती आणि नीना अर्काद्येव्नांनी कारण विचारणाऱ्यांना एवढंच सांगितलं, की त्याला चूक माझी म्हणायला वेळ लागत नाही.

प्रमुख म्हणून केंझेगालीनं पहिल्या दिवशी दोन कामं केली. कंपायलरच्या हुकमात एक ओळ वाढवली, सातव्या कप्प्याला हात लावू नये अशी. आणि बदलांच्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सातवा कप्पा ओराझालिन यांच्या तुकड्यासाठी राखीव. कुणीही वापरू नये.' इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो नियम कागदावर आला. मग तो सागिन्दिकच्या टेबलाशी आला.

"साके, त्या दोन ओळी आता काढून टाका. गरज उरली नाही. तुमचे सेहेचाळीस परत घ्या."

"बघतो," सागिन्दिक म्हणाला.

याला वर्ष झालं. सागिन्दिक अजून दर शुक्रवारी ओळी मोजतो आणि त्या एक हजार एकशे बेचाळीस भरतात. काढायला दोन मिनिटंही लागणार नाहीत, पण काढल्या की साडूनं दिलेलं घेतल्यासारखं होईल. नवी यंत्रं आता चौतीस ठाण्यांवर बसली आहेत. तिथं प्रत्येक सेकंदाला दोनशे वेळा एक कप्पा रिकामा केला जातो आणि परत भरला जातो. तो दुसरं कुणीही वापरत नाही.